परवानगी नव्हे, माहिती

माझ्या आयुष्यात समुद्र शिरला तो सुरमईच्या वाटेने. नवीन पनवेलच्या मासळी बाजारात मी गंगाबाईंच्या पाटीसमोर उभी होते आणि सुरमईचा कल्ला उघडून लाली बघत होते. गंगाबाई उरणजवळच्या मोऱ्याच्या. रोज पहाटे माल घेऊन पनवेलला येतात. दुसऱ्या कुणाचे बांगडे साफ करता करता त्यांनी मला विचारलं, "वैनी, इतकी वर्सं म्हावरं खाता. जिथनं येतं तो समिंदर कवा बगितलाय का?"

मी म्हटलं, बघितलाय की, अलिबागला, काशिदला, लग्नानंतर एकदा गणपतीपुळ्याला. त्यावर त्यांनी मान हलवली. तो किनारा झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या नवऱ्याने, काशिरामने, नवी होडी घेतली होती. येत्या रविवारी मोऱ्याच्या धक्क्यावर होडीची पूजा होती, आणि पूजा झाली की घरच्या बायकांना आत फिरवून आणायचं ठरलं होतं. "तुमी बी या," त्या म्हणाल्या. "एकट्या या."

सुरमई घेऊन मी घरी आले तेव्हा पिशवी एका हातात होती आणि 'एकट्या या' हे शब्द दुसऱ्या हातात धरल्यासारखे वाटत होते.

आता हे शब्द माझ्या बाबतीत एवढे जड का, ते सांगायला हवं. माझे यजमान उदयसिंह तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. होते म्हणजे कंपनीत होते. घरी अजून आहेत. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, हार्मोनियम शिकतात, निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. उदयसिंहांनी निवृत्तीनंतर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट ताब्यात घेतला. गॅलरीत तुळशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या लाल बादल्या आल्या. ओट्याशेजारी आग विझवायचं नळकांडं आलं आणि तिथला माझा मिक्सर बेसिनशेजारी गेला. मग पाण्याजवळ वीज नको म्हणून मिक्सर कपाटात गेला. कुकरची शिट्टी व्हायच्या वेळेला मी स्वयंपाकघरात असू नये, असा नियम झाला. शिट्ट्या मोजायच्या त्या हॉलमधून. रस्ता ओलांडताना ते माझा हात धरत नाहीत, मनगट धरतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नाडी बघत चाललेत.

याबद्दल कुणाकडे तक्रार करावी तर तीही सोय नाही. समोरच्या शशिकलावहिनींना एकदा सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "नशीबवान आहात. मी घरात आहे की नाही हे आमच्या ह्यांना जेवायच्या वेळेला कळतं." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. ज्या बाईला नवरा इतका जपतो, तिने कुरकुर करणं म्हणजे श्रीखंड जास्त गोड झालं म्हणून पंगतीतून उठून जाणं.

पण राग असतोच, आणि तो कुठेतरी वाट काढतो. माझा गॅसच्या बटणातून निघायचा. झोपण्यापूर्वी उदयसिंह गॅसची बटणं तपासतात, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतात आणि समाधानाने अंथरुणावर टेकतात. ते टेकले की मी पाणी प्यायला उठायची आणि एक बटण हलकेच फिरवून परत बंद करायची. खट् असा बारीक आवाज व्हायचा. तेवढ्याने ते ताडकन उठून परत सगळं तपासायला यायचे. या खट् आवाजाने मला जी झोप लागायची, तशी डॉक्टरच्या गोळीने लागली नसती.

तर त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाने मोनालीमॅडमचं व्याख्यान ठेवलं होतं. मॅडम समुपदेशक आहेत, खारघरला बसतात. विषय होता, 'नात्यातल्या सीमारेषा'. अर्ध्या बायका सीमा सुरक्षा दलाबद्दल काहीतरी असेल म्हणून आल्या होत्या आणि उरलेल्या बटाटेवड्यांसाठी. मॅडम म्हणाल्या की अतिकाळजी करणारा माणूस वाईट नसतो, पण त्याला थांबवलं नाही तर दुसऱ्याचा जीव गुदमरतो. आणि गुदमरलेला माणूस तोंडाने हसतो आणि हाताने सूड घेतो. मला गॅसचं बटण आठवलं आणि माझे कान तापले. यावर उपाय काय, असं कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आपल्या माणसाकडे परवानगी मागायची नाही. माहिती द्यायची. शांत आवाजात. कारणं द्यायची नाहीत."

किती सोपं होतं. इतकी वर्षं मी चुकीच्या अर्जावर सही करत होते.

पुढचे दोन दिवस मी सराव केला. कपाटातल्या मिक्सरला माहिती दिली, तुळशीला दिली, लिफ्टमधल्या आरशाला दिली. तिथे नेमके सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव आत आले आणि त्यांना वाटलं मी लिफ्टबद्दल तक्रार करतेय. अखेर जेवताना, मटकीची उसळ वाढून झाल्यावर, मी पदर सावरला आणि म्हटलं, "मी रविवारी मोऱ्याला जाणार आहे. गंगाबाईंच्या होडीतून समुद्रात. एकटी."

उदयसिंहांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. मला वाटलं होतं वादळ होईल, भरती-ओहोटीवर भाषण होईल. मला इतका आनंद झाला की मी भाताऐवजी ताक वाढलं. बंगळूरला आमच्या आभाला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा नुसतं बरं म्हणाले? आई, मग तू जरा सांभाळूनच राहा."

मुलीने बापाला बरोबर ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर उदयसिंहांनी चष्मा पुसला आणि मला सांगितलं की तू जाणार हे ठरलं, त्यात मी एक अक्षर बोलणार नाही. तो तुझा निर्णय. मी फक्त कशी जाणार तेवढं बघतो.

या 'तेवढं'मध्ये काय काय बसतं, याची मला कल्पना नव्हती.

आधी ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला काहीही होत नव्हतं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, कान बघितले, मग उदयसिंहांच्या आग्रहावरून 'समुद्रात जाण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. असं त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. उदयसिंह औषधाच्या काउंटरकडे वळल्यावर डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, वहिनी, नौदलात वगैरे जाताय का.

मग ते बंदराच्या कुठल्याशा कार्यालयात गेले. खाजगी होडीत पाहुण्या बाईने बसायचं तर कोणती परवानगी लागते, असं त्यांनी तिथल्या कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, पूजेची घरगुती फेरी आहे ना, जा की. उदयसिंह म्हणाले, परवानगी लागत नाही असं मला लेखी द्या. कारकून म्हणाला, लेखी हवं असेल तर अर्ज करावा लागेल. अर्जाबरोबर होडीवाल्याचं संमतिपत्र लागेल, बसणाऱ्या बाईचा फोटो लागेल, आणि बाई सज्ञान असल्याचा पुरावा लागेल. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. उदयसिंहांनी तोही जोडला. साहेब रजेवर असल्यामुळे अर्ज नुसता आत गेला, बाहेर काही आलं नाही. पण अर्ज मिळाल्याचा शिक्का बघून उदयसिंह असे काही समाधानाने घरी आले की जणू समुद्रानेच सही केली होती.

शुक्रवारी त्यांनी कंपनीतल्या जुन्या मित्राकडून नारिंगी लाइफ जॅकेटं आणली. एक मला घातलं, दिवाणाला होडी मानलं आणि मला त्यावर बसवून हलवायला सुरुवात केली. होडी कलली की कुठल्या बाजूला झुकायचं, पाण्यात पडलं तर अंग सैल सोडून उताणं कसं राहायचं, हे सगळं मी हॉलमध्ये गालिच्यावर करून दाखवलं. मी उताणी पडून दोन्ही हात पसरलेले, उदयसिंह तोंडात शिट्टी धरून माझ्या भोवती फिरताहेत, अशा अवस्थेत शशिकलावहिनी विरजण मागायला आल्या. दार उघडंच होतं. कारण संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग मोकळा हवा.

विरजण घेऊन वहिनी गेल्या आणि बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोचली. त्यानंतर माझ्या दाराची बेल थांबली नाही. समुद्रात मळमळतं म्हणून कुणी आलेपाक आणून दिला. कुणी सांगितलं रिकाम्या पोटी जा, कुणी सांगितलं भरपेट खाऊन जा. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी पोटावर वर्तमानपत्र बांधायला सांगितलं, आणि तेसुद्धा इंग्रजी, कारण त्याचा कागद जाड. भगवानराव मात्र सल्ला देऊन थांबले नाहीत. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही एवढं धाडस करताय तर सोसायटीने मागे राहणं बरं दिसत नाही. आपण सगळेच येऊ. हितेशभाईंची ट्रॅव्हल एजन्सी आहे, मिनीबस घरचीच.

मी उदयसिंहांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. जास्त माणसं म्हणजे जास्त डोळे.

माझी 'एकटी' अशी हळूहळू मिनीबसभर झाली. शनिवारी भगवानरावांनी बसवर लावायला फलकही करून आणला: 'सुरक्षित सागरी सहल'. फलकावर माझं नाव नव्हतं. मुख्य मार्गदर्शक म्हणून उदयसिंहांचं होतं.

मी घाईघाईने मोनालीमॅडमना फोन लावला. परवानगी मागितली नाही, माहिती दिली, आवाज चढवला नाही, तरी असं झालं, आता काय करू, असं विचारलं. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. सीमारेषा एकदा आखून भागत नाही, पुन्हा आखावी लागते, असं त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "वसुंधराताई, बसमध्ये एखादी सीट आहे का? मीही कधी होडीत बसले नाहीये."

रविवारी सकाळी आम्ही मोऱ्याला उतरलो तेव्हा पूजा होतच आली होती. नवी निळी होडी धक्क्याला लागून डुलत होती. पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, वर छोटी पताका. वारा खारट होता, माशांचा आणि डिझेलचा मिळून एक वास होता, आणि लांबवर उभी असलेली जहाजं आमच्या सेक्टरमधल्या इमारतींएवढी दिसत होती. मला शाळेच्या सहलीच्या दिवशी व्हायचं तसं होत होतं. इतकी वर्षं ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

गंगाबाई हिरवं लुगडं, भरपूर सोनं आणि केसांत अबोली घालून उभ्या होत्या. मला बघून हसल्या. माझ्या मागून बसमधून उतरणारी रांग बघत गेल्या तसं त्यांचं हसू कमी होत गेलं. "वैनी," त्या म्हणाल्या, "एकट्या या बोललू व्हतू ना."

तोपर्यंत उदयसिंह होडीपाशी पोचले होते. त्यांनी दोर ओढून बघितला, फळीवर पाय आपटून बघितला, काशिरामला होडीत विझवायचं नळकांडं कुठे आहे ते विचारलं. काशिराम भला माणूस. पूजेच्या दिवशी कुणाशी वाकडं बोलायचं नाही म्हणून तो नारळाच्या शेंड्या वेचत राहिला. मग उदयसिंहांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि जाहीर केलं की आधी होडी रिकामी एक चक्कर मारून येईल, मग दोन पुरुष बसतील, आणि सगळं ठीक वाटलं तर तिसऱ्या फेरीत वसुंधरा.

माझ्या होडीत तिसऱ्या फेरीत वसुंधरा.

एवढं बोलून ते माझ्याजवळ आले. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मनगट सोडा," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी आणखी घट्ट धरलं.

"मनगट सोडा म्हणतेय ना."

मोनालीमॅडमचा आवाज न चढवायचा नियम तिथे समुद्रात पडला. धक्क्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. जाळी विणणारे म्हातारेसुद्धा थांबले. उदयसिंहांनी हात मागे घेतला, आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडायला लागलं ते मला थांबवता येईना. मी म्हटलं, मला भीती वाटत नव्हती. पाण्याची नाही, कुकरची नाही, रस्त्याची नाही. तुम्ही रोज थोडी थोडी आणून दिलीत आणि मी ठेवून घेतली. माझ्या स्वयंपाकघरात मला शिट्टीच्या वेळेला उभं राहता येत नाही. मी हसते, सगळ्यांना सांगते किती जपतात, आणि रात्री मुद्दाम गॅसचं बटण वाजवते. तुम्हाला उठवायला. तुमची झोप मोडली की मला बरं वाटतं. असं बरं वाटणं मला नको आहे.

शशिकलावहिनींच्या हातात चिवड्याची पिशवी होती. ती तशीच उघडी राहिली.

उदयसिंह दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले. शिट्टी गळ्यात लोंबत होती. समुद्राकडे बघत ते इतक्या हळू बोलले की भगवानरावांना ऐकायला पुढे यावं लागलं.

"बटण तू वाजवतेस हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "तरी उठायचो. एखाद्या दिवशी खरंच उघडं राहिलं तर म्हणून." मग म्हणाले, "वसुंधरा, मलाही कंटाळा येतो. कंपनीत काही झालं नाही की कुणी म्हणायचं नाही, उदयसिंहांमुळे झालं नाही. घरी पाल निघाली की मी, फ्यूज उडाला की मी, आभाला ताप आला की मी. तुम्ही दोघी झोपायच्या, मी जागा. कुणी मला कधी विचारलं का, की बाबा रे, तुला कशाची भीती वाटते?"

मी विचारलं, "कशाची वाटते?"

ते म्हणाले, "पाण्याची. गुडघ्याएवढ्या पाण्याचीसुद्धा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, गणपतीपुळ्याला हे वाळूत चपला सांभाळत बसले होते, आणि मला वाटत आलं होतं की चपलांवर फार जीव आहे. मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं आणि दोन्ही एकमेकांच्या आड येऊन नुसतीच उचकी लागली.

"मग तुम्ही येऊ नका," मी म्हटलं.

"येणारच नाही," ते म्हणाले. "परवानगी मागत नाही. माहिती देतोय."

मोनालीमॅडमनी डोळे पुसले. त्यांना इतकं स्वच्छ वाक्य कुठल्याही व्याख्यानात मिळालं नसणार. उदयसिंह उठले, एक जॅकेट उचललं, आणि माझ्या अंगावर चढवायच्या ऐवजी माझ्यापुढे नुसतं धरलं. "घालशील का?" त्यांनी विचारलं. विचारलं म्हणून मी घातलं. बंद माझे मी बांधले. चुकीच्या भोकात बांधले गेले तेव्हा त्यांची बोटं वळवळली, पण त्यांनी हात खिशात घातले.

आणि मी गेले. होडीत गंगाबाई, त्यांच्या दोन जावा, काशिराम, मी आणि ऐनवेळी धीर करून उतरलेल्या मोनालीमॅडम. बाकीच्या सोसायटीने धक्क्यावरून टाळ्या वाजवल्या. इंजिन धडधडलं, धक्का मागे सरकायला लागला, आणि मला कळलं की माझं मनगट कुणीच धरलेलं नाही. हात इतका मोकळा होता की त्याचं काय करावं ते कळेना. मी तो पाण्यात घातला.

काय सांगू तुम्हाला. किनाऱ्यावरून समुद्र बघणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिमालय बघणं. आत गेलं की तो खालून उचलतो, आणि ज्याने उचललं त्याच्यावर रागावताही येत नाही. लाट नाळेवर फुटली की तोंडभर खारं पाणी यायचं आणि मी मोठ्याने हसायची. गंगाबाईंच्या जावा गाणं म्हणत होत्या. मला शब्द येत नव्हते, तरी मी म्हणत होते. एका मोठ्या जहाजाजवळून गेलो तर वरून कुणीतरी परदेशी खलाशाने हात केला आणि मी दोन्ही हातांनी केला. घारापुरीचा डोंगर बाजूने हिरवा दिसत होता. काशिरामने विचारलं, धरताव का, आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. होडी लगेच वाकडी गेली. त्याने नुसतं बोट लावून सरळ केली आणि परत माझ्याकडे सोडली. त्या निळ्या होडीला मी दिशा देत होते. उताणं पडायचा सराव करताना असं काही मला सांगितलं नव्हतं. मोनालीमॅडम मात्र पहिल्या वळणापासून लिंबू नाकाला लावून बसल्या होत्या. मधूनमधून काठावरून वाकून आपली सीमारेषा ओलांडत होत्या.

परत आलो तेव्हा ओहोटी लागली होती. मोऱ्याला पाणी उतरलं की धक्क्यापुढे चिखल उघडा पडतो आणि होडी आत येत नाही. काशिरामने इंजिन बंद केलं आणि सांगितलं, पानी चढंल तवा लागू. म्हणजे आता बसून राहायचं. मला काही वाटलं नाही. उलट मी धक्क्याकडे बघून वाक्यं जुळवायला लागले. उदयसिंह तिथे येरझाऱ्या घालत असणार, शिट्टी फुंकत असणार, एव्हाना अर्ध्या रायगड जिल्ह्याला फोन झाले असणार. त्यांना म्हणायचं, बघा, मी ठणठणीत आहे.

धक्क्यावर कुणीच नव्हतं.

मिनीबस सोसायटीला घेऊन गेली होती, हे समजण्यासारखं होतं, हितेशभाईंचं संध्याकाळी लग्नाचं भाडं होतं. पण उदयसिंह? पायऱ्यांवर नाहीत, खुंटावर नाहीत. माझा फोन त्यांच्याच पिशवीत. मी गंगाबाईंना विचारलं, दिसतात का. नाय, त्या म्हणाल्या. ऊन लागलं असेल का? चक्कर आली असेल? त्या वयाच्या माणसाला मी अशा उन्हात दगडावर बसवून आले. जेवले असतील का? वाऱ्यात बसले तर त्यांचा खांदा धरतो. मी काशिरामला म्हटलं, मला उतरायचंय. तो म्हणाला, चिखल हाय. मी म्हटलं, असू दे. मागून मोनालीमॅडमचा क्षीण आवाज आला, "वसुंधराताई, सीमारेषा." पण तोवर माझा एक पाय काठाबाहेर होता.

मोऱ्याचा चिखल गुडघ्यापर्यंत आत घेतो आणि परत देताना विचार करतो. पहिल्याच पावलाला उजवी चप्पल गेली. दुसऱ्या पावलाला मी बसलेच. गंगाबाई लुगडं खोचून मागोमाग उतरल्या आणि मला बखोटीला धरून ओढत, मधूनमधून हसत पायऱ्यांपर्यंत घेऊन आल्या. मी कमरेपर्यंत काळी, वर नारिंगी, अशी धक्क्यावरून धावत निघाले.

जाळी ठेवायच्या शेडमध्ये उदयसिंह सापडले. शर्टाची वरची बटणं उघडी, मांडी घातलेली, म्हाताऱ्या कोळ्यांबरोबर पत्ते खेळत होते आणि तळलेला बोंबील खात होते. हात धुतले असल्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं. मला बघून त्यांनी विचारलं, "आलीस? कशी झाली फेरी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या चिखलातून जीव टाकून आले आणि ह्यांचा बोंबील चालला होता.

"तुम्हाला माझी काळजी नाही वाटली?" मी विचारलं.

त्यांनी पत्ते उपडे ठेवले. "वाटली. तुझी होडी त्या जहाजामागे गेली तेव्हा तर फार वाटली. सारखा उठून धक्क्यावर जात होतो. मग ह्यांनी हाताला धरून बसवलं, पत्ते दिले." मग म्हणाले, "म्हटलं काळजी माझी आहे, आपल्याजवळच ठेवू. तुझ्या होडीत कशाला पाठवायची."

मला हवं होतं ते मिळालं होतं आणि मिळाल्याचा राग आला होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. एका पायात चप्पल नाही, चिखल, मध्ये शिंपल्याने ओरखडलेलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला स्वच्छ दिसलं. त्यांनी ते बोंबलाबरोबर गिळलं. मीच म्हटलं, उद्या घेईन इंजेक्शन. ते म्हणाले, हं.

गंगाबाईंच्या नळावर मी पाय धुतले, काशिरामच्या रबरी चपला घातल्या आणि उरणहून पनवेलची बस पकडली. पाणी चढल्यावर मोनालीमॅडमही धक्क्याला लागल्या होत्या. त्या पुढच्या सीटवर लिंबू मुठीत धरून झोपल्या. माझं सगळं अंग अजून डुलत होतं. मी उदयसिंहांना सुकाणूचं सांगितलं, खलाशाचं सांगितलं, एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. त्यांनी पहिल्यांदाच मध्ये एकही सूचना न घालता ऐकलं. जासईला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली आणि बस गचके खात थांबत थांबत निघाली, तेव्हा ऐकता ऐकताच त्यांचा डोळा लागला.

झोपेत त्यांचं डोकं खिडकीच्या गजाकडे कललं. प्रत्येक खड्ड्याला ते गजावर आपटणार असं मला दिसत होतं. मी हात पुढे केला आणि तळवा गज आणि त्यांच्या डोक्याच्या मध्ये ठेवला.

डोळे मिटलेलेच होते. "विचारलंस का?" ते म्हणाले.

मी हात काढून घेतला. बस पुढे गेली, पुढच्या खड्ड्यात आदळली, त्यांचं डोकं गजावर टाणकन आपटलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग पुढचा खड्डा दिसायला लागला तशी मला राहवेना.

"हात ठेवू का?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळावरची आठी दिसत होती.

"ठेव," ते म्हणाले.